सोसायटीचा एक संगणक, वापरणारे पाच जण: खासगी फोल्डर खरोखर खासगी करण्याच्या नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५: आधी काय आहे ते पाहिलं

गृहनिर्माण संस्थेच्या ऑफिसात एकच डेस्कटॉप आहे. मॅनेजर रोज बसतात, अकाउंटंट मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येतात, सेक्रेटरी आणि खजिनदार संध्याकाळी जमेल तसे, आणि सिक्युरिटी सुपरवायझर गेटच्या याद्या छापण्यापुरते. प्रत्येकाला स्वतःचं एक फोल्डर हवं, जे बाकीच्या चौघांना उघडता येणार नाही. शिवाय सगळ्यांचं मिळून एक समाईक फोल्डर.

यंत्र असेंबल केलेलं आहे: आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडीवर सी ड्राइव्ह, १ टीबीच्या साध्या हार्डडिस्कवर डी ड्राइव्ह. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, म्हणून विंडोज ११ आधीच चढवलेलं आहे, पण आवृत्ती होम. हे सुरुवातीलाच पाहून घ्या, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा' अशी चौकट असते; तिने फायली किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठतात. होममध्ये ती फिकी असते, टिक होत नाही. ती सोय प्रो आवृत्तीपासून पुढे मिळते. सगळा ड्राइव्हच तसा कुलूपबंद करणारं पूर्ण बिटलॉकरही होममध्ये नाही. प्रो घेण्याचा खर्च करायचा नाही असं ठरलं, म्हणजे होममध्ये जे आहे त्यावरच भागवायचं.

सध्या 'ऑफिस' नावाचं एकच खातं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रकारचं आणि पासवर्डशिवाय. डी ड्राइव्हवर १८० जीबी माल. यापूर्वी लपवालपवीचे दोन प्रयत्न झालेले सापडले.

पहिला, फोल्डरला 'हिडन' करणं. एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'शो' आणि मग 'हिडन आयटम्स' केलं की दोन क्लिकमध्ये सगळं फिकट पिवळ्या रंगात समोर येतं.

दुसरा, 'लॉकर' नावाची बॅट फाइल, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांडची यादी. ती चालवली की पासवर्ड विचारते आणि फोल्डर अदृश्य होतो. या फाइलवर उजवी क्लिक करून 'एडिट' केलं. नोटपॅडमध्ये सातव्या-आठव्या ओळीतच पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला होता. ती फाइल प्रत्यक्षात एवढंच करते: फोल्डरचं नाव बदलून त्याला कंट्रोल पॅनलच्या सांकेतिक क्रमांकाची शेपटी जोडते आणि त्यावर हिडन आणि सिस्टिम अशा दोन खुणा लावते. आतल्या फायली जशाच्या तशा असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'सॉफ्टवेअरशिवाय फोल्डर लॉक करा' या युक्तीत हीच फाइल असते. त्यावर विसंबून भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती ठेवलेल्या होत्या, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

वेळ: २ तास. खर्च: काही नाही.

रविवार, २ नोव्हेंबर: प्रत्येकाचं वेगळं खातं

काहीही हलवण्याआधी डी ड्राइव्हची आणि सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. १ टीबीची डिस्क ५,२०० रुपये. कॉपीला पावणेदोन तास लागले.

मग खाती. 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स', 'अ‍ॅड अकाउंट'. मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागितला जातो, तिथे 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' निवडायचं आणि पुढच्या पानावर 'अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. अशी पाच खाती केली. नवं खातं आपोआप 'स्टँडर्ड' होतं आणि तेच हवं. सहावं 'प्रशासक' नावाचं खातं केलं आणि फक्त त्यालाच 'चेंज अकाउंट टाइप'मधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या सह्या, आणि पाकीट लोखंडी कपाटात.

खातं करताना पासवर्ड दिला की तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव, असले प्रश्न. साइन-इनच्या पडद्यावर पासवर्ड चुकला की 'रिसेट पासवर्ड' येतं आणि हीच उत्तरं देऊन पासवर्ड बदलता येतो. सोसायटीत सगळ्यांना सगळ्यांची गावं ठाऊक. खरी उत्तरं देऊ नका. प्रश्नाशी संबंध नसलेला एखादा लांब शब्द द्या आणि तो पासवर्डासारखाच सांभाळा. मॅनेजरनी खरी उत्तरं भरली होती, ती 'साइन-इन ऑप्शन्स'मधून 'अपडेट युअर सिक्युरिटी क्वेश्चन्स' करून बदलली.

जुन्या 'ऑफिस' खात्याला पासवर्ड लावला आणि तसंच ठेवलं. त्याचा प्रकार बदलायचा राहिला. ही चूक आठवड्यानंतर लक्षात आली.

वेळ: साडेचार तास, त्यातला बराचसा कॉपी होण्याची वाट पाहण्यात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर: मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर रिकामं

अकाउंटंटनी नव्या खात्यातून बिलांचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं तर सभासदांची यादी कोरी. मॅनेजरच्या खात्यातही कोरी. 'ऑफिस' खात्यातून उघडलं तर सगळं जागच्या जागी. ऑडिटच्या तोंडावर हे दिसलं की छातीत धस्स होतं, म्हणून कारण नीट लिहितो.

सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटचं आहे. ते स्वतःचा डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)' मध्येच लिहू पाहतं. विंडोज तिथे लिहू देत नाही. पण जुनी सॉफ्टवेअरं बंद पडू नयेत म्हणून विंडोज ती लिहिलेली फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा', 'लोकल', 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरात वळवतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण जागेवर लिहिलं. आजवर एकच खातं होतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. खाती वेगळी झाल्याबरोबर प्रत्येकाला मूळ जागची कोरी फाइल दिसू लागली.

दुरुस्ती: 'ऑफिस' खात्याच्या व्हर्च्युअलस्टोअरमधली डेटाबेस फाइल उचलून डी ड्राइव्हवर 'समाईक' फोल्डरात 'बिल' या उपफोल्डरात ठेवली. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा बदलायची सोय होती, ती वापरली. तशी सोय नसेल तर प्रोग्रॅम फाइल्समधल्या फक्त त्या एका फोल्डरावर संबंधित खात्यांना 'मॉडिफाय' हक्क द्यावा आणि खरा डेटा तिथे आणून ठेवावा. दोन्ही वेळा व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या प्रतींची नावं बदलायची. त्या तशाच राहिल्या तर सॉफ्टवेअर आधी त्याच वाचतं.

अकाउंटंटच्या खात्यात तेवढ्या वेळात दोन पावत्या कोऱ्या डेटाबेसमध्ये भरून झाल्या होत्या. त्या हाताने पुन्हा भराव्या लागल्या. म्हणून खाती वेगळी केल्यावर आधी प्रत्येक सॉफ्टवेअर प्रत्येक खात्यातून उघडून बघा, मगच कामाला द्या.

वेळ: ३ तास.

शनिवार, ८ नोव्हेंबर: डी ड्राइव्हचे हक्क, आणि 'डिनाय'ची चूक

प्रत्येकाचं 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' सी ड्राइव्हवर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये असतं आणि दुसऱ्या स्टँडर्ड खात्याला ते उघडत नाही. पण एसएसडी लहान, माल सगळा डी ड्राइव्हवर. आणि डी ड्राइव्हवर केलेला कुठलाही नवा फोल्डर जन्मतःच सर्वांना खुला असतो. फोल्डरवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी' टॅब पाहा: 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' या नावासमोर 'मॉडिफाय' दिसेल. साइन-इन करू शकणारा प्रत्येक जण या गटात येतो. म्हणजे वाचणं तर सोडाच, पुसून टाकण्याचाही हक्क. सिक्युरिटी टॅबच दिसत नसेल तर ड्राइव्ह एनटीएफएस (ड्राइव्हवर फायली मांडायची विंडोजची नेहमीची पद्धत) नाही. एफएटी-३२ किंवा एक्सफॅट आहे, आणि त्यावर असे हक्क लावताच येत नाहीत.

हक्क बदलण्याआधी जुने हक्क जतन करून ठेवले. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयकॅकल्स' कमांड, पुढे फोल्डरचा मार्ग, मग 'सेव्ह' हा पर्याय आणि फाइलचं नाव, शेवटी उपफोल्डरांसाठी 'टी'. परत आणताना एक खोच आहे: 'रिस्टोअर' त्या फोल्डरावर चालवायचं नाही, त्याच्या वरच्या फोल्डरावर चालवायचं. आम्ही आधी त्याच फोल्डरावर चालवलं आणि 'फाइल सापडत नाही' असे शेकडो संदेश आले.

मग डी ड्राइव्हवर 'खासगी' नावाचा फोल्डर आणि त्यात पाच उपफोल्डर. पहिला हात खजिनदारांच्या फोल्डरावर. 'यूजर्स' गटाला 'डिनाय' लावलं, खजिनदारांना 'अलाव' दिलं. तर्क सरळ वाटला: सगळ्यांना मना, एकाला परवानगी. खजिनदारांनी साइन-इन केलं आणि त्यांचाच फोल्डर त्यांना उघडेना. कारण त्यांचं खातंही 'यूजर्स' गटातच आहे, आणि एकाच फोल्डरावर थेट लावलेल्या हक्कांत 'डिनाय' 'अलाव'च्या आधी तपासलं जातं. विंडोजने इशारा दिला होता, तो वाचण्याआधीच 'येस' दाबलं गेलं.

बरोबर पद्धत ही, आणि यात 'डिनाय' कुठेच येत नाही:

'सिक्युरिटी', 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'डिसेबल इनहेरिटन्स', म्हणजे वरून आपोआप येणारे हक्क थांबवणं. दोन पर्याय येतात, त्यातला 'कन्व्हर्ट' वाला पहिला निवडायचा. दुसरा निवडला तर सगळेच हक्क उडतात. मग यादीतून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' आणि 'यूजर्स' या दोन ओळी काढायच्या. 'सिस्टिम' आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' ठेवायच्या. 'अ‍ॅड' करून त्या व्यक्तीचं खातं घालायचं आणि 'मॉडिफाय'पर्यंत टिक करायचं. 'फुल कंट्रोल' देऊ नका, नाहीतर माणूस चुकून स्वतःच हक्क बदलून बसतो.

'सिस्टिम' काढण्याचा मोह होतो, कारण ते कोण हे कळत नाही. ते विंडोज स्वतः आहे. काढलं की अँटिव्हायरस आणि बॅकअप त्या फोल्डरात शिरताना अडू शकतात. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' काढूनही उपयोग नाही: अ‍ॅडमिन माणूस 'टेक ओनरशिप' करून केव्हाही आत येऊ शकतो. अ‍ॅडमिनपासूनही काही लपवायचं असेल तर या हक्कांच्या भरवशावर राहून चालत नाही.

वेळ: ४ तास. 'डिनाय'ने त्यातला सव्वा तास खाल्ला.

रविवार, ९ नोव्हेंबर: प्रत्येकाच्या खुर्चीत बसून तपासणी

पाच खाती, पाच फोल्डर. प्रत्येक खात्यातून बाकीचे चार उघडून पाहिले. वीसही वेळा 'परवानगी नाही' यायला हवं. तसं आलं. पण फोल्डर उघडत नाही म्हणजे आतली फाइल उघडत नाही, असं नसतं.

खजिनदारांनी मुदतठेवींच्या पावत्यांचे स्कॅन डी ड्राइव्हवरच्याच जुन्या फोल्डरातून कट-पेस्ट करून नव्या फोल्डरात आणले होते. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती जुने हक्क बरोबर घेऊन येते; कॉपी केली तर नव्या फोल्डराचे हक्क घेते. म्हणजे त्या स्कॅनवर अजून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स – मॉडिफाय' होतं. मॅनेजरच्या खात्यातून एक्स्प्लोररच्या पट्टीत एका स्कॅनचा पूर्ण मार्ग टाइप केला, एंटर दाबलं, आणि पावती पडद्यावर आली. वरचा फोल्डर बंद असूनही. विंडोजमध्ये वरच्या फोल्डराचा हक्क नसला तरी नेमका मार्ग ठाऊक असेल तर त्यातून पलीकडे जाण्याची मुभा सर्वांना मुळातच असते. कट-पेस्टनंतर फोल्डर उघडून पाहणारे समाधानाने उठतात आणि भोक तसंच राहतं.

दुरुस्ती एका टिकची: वरच्या फोल्डराच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये सगळ्यात खाली 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एन्ट्रीज' असतं, ते टिक करून 'अप्लाय'. ११,००० फायलींना दोन-तीन मिनिटं लागली. पाचही फोल्डरांवर केलं आणि तोच मार्ग टाइप करून पुन्हा तपासलं. या वेळी उघडली नाही.

याच तपासणीत 'ऑफिस' खातं सापडलं. त्यातून सेक्रेटरींचा प्रोफाइल फोल्डर उघडायला गेलो तर 'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन' आणि खाली 'कंटिन्यू' बटण. दाबलं आणि उघडला. खातं अजून अ‍ॅडमिन होतं! हे 'कंटिन्यू' एकवेळचं नसतं. ते दाबणाऱ्याचं नाव त्या फोल्डराच्या हक्कांच्या यादीत कायमचं लिहितं, नंतर खातं स्टँडर्ड केलं तरी नाव राहतं. आधी 'ऑफिस' स्टँडर्ड केलं, मग सेक्रेटरींच्या फोल्डराच्या सिक्युरिटी टॅबमधून त्याची ओळ काढली.

वेळ: ३ तास.

शनिवार, १५ नोव्हेंबर: पेनड्राइव्हने सगळं उघडलं

३२ जीबीचा पेनड्राइव्ह, ४५० रुपये. त्यावर उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून संगणक त्यावरून सुरू केला, 'ट्राय उबुंटू' निवडलं, डी ड्राइव्हवर क्लिक केलं. खजिनदारांचा फोल्डर विनापासवर्ड उघडला. संगणक चालू करण्यापासून पावती दिसेपर्यंत पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

एनटीएफएसचे हक्क ही विंडोजने पाळलेली शिस्त आहे. फायली डिस्कवर उघड्याच असतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी हेच. बायोसला (विंडोजच्या आधी यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड घातला आणि यूएसबीवरून सुरू होणं बंद केलं, पण अशा डेस्कटॉपचं झाकण उघडून मदरबोर्डवरची सेल काढली की तो पासवर्ड बहुधा जातो. रोजच्या वापरातली नजर अडवायला हक्क पुरतात. मॅनेजर, सुपरवायझर आणि अकाउंटंट यांच्यासाठी तेवढंच ठेवलं. खजिनदारांचे बँकेचे कागद आणि सेक्रेटरींकडच्या सभासदांच्या तक्रारी यांना खरं कुलूप हवं. त्यासाठी व्हेराक्रिप्ट, फुकट आणि मुक्त स्रोताचं.

वेळ: दीड तास.

रविवार, १६ नोव्हेंबर: व्हेराक्रिप्टची पेटी, दोनदा

पेटी म्हणजे एक मोठी फाइल. पासवर्ड दिला की ती वेगळा ड्राइव्ह म्हणून दिसते, बंद केली की नुसता अर्थहीन माल. प्रशासक खात्यातून व्हेराक्रिप्ट टाकलं, मग खजिनदारांच्या खात्यातून त्यांची २० जीबीची पेटी केली: कुलुपाच्या पद्धती एईएस आणि एसएचए-५१२, जे मुळात निवडलेलं असतं तेच. त्यांना अ‍ॅडमिनचे हक्क नसल्याने एनटीएफएस पेटी करता येईना, म्हणून एफएटी निवडलं. पाच मिनिटांत पेटी तयार.

चाचणी: खजिनदारांनी पेटी व्ही ड्राइव्ह म्हणून उघडली, साइन-आउट न करता 'स्विच यूजर' करून मॅनेजर आत आले. मॅनेजरच्या एक्स्प्लोररमध्ये व्ही ड्राइव्ह दिसतोय आणि उघडतोयही. व्हेराक्रिप्टने उघडलेला ड्राइव्ह त्या क्षणी साइन-इन असलेल्या सगळ्यांना दिसतो, आणि खातं बदलल्याने तो बंद होत नाही. त्यावर एफएटी असल्यामुळे हक्कही लावता येत नव्हते.

पेटी पुसून पुन्हा केली, या वेळी प्रशासक खात्यातून एनटीएफएसने फॉरमॅट करून. उघडल्यावर व्ही ड्राइव्हच्या सिक्युरिटी टॅबमधून ८ तारखेच्याच पद्धतीने फक्त खजिनदार आणि 'सिस्टिम' ठेवले. पेटी उघडताना 'माउंट अ‍ॅज रिमूव्हेबल मीडियम' टिक नको, तसं केलं तर हे हक्क पुरेसे ठरत नाहीत. मग 'सेटिंग्ज', 'प्रेफरन्सेस'मध्ये आपोआप बंद होण्याच्या खुणा: साइन-आउट झाल्यावर, पडदा लॉक झाल्यावर, यंत्र झोपल्यावर, आणि १५ मिनिटं काही वाचलं-लिहिलं नाही तर. हे सगळं व्हेराक्रिप्टचं पार्श्वभूमीतलं काम चालू असेल तरच होतं. घड्याळाशेजारचं चिन्ह 'एक्झिट' केलं की पेटी उघडीच राहते. 'फोर्स ऑटो-डिसमाउंट' मात्र विचार करून लावा: एक्सेल उघडी असताना पेटी बंद झाली तर जतन न केलेलं जातं. खजिनदारांनी ते लावायला सांगितलं आणि दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय धरली.

पासवर्ड वीस अक्षरांहून कमी दिला की व्हेराक्रिप्ट टोकतं. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिणं सर्वांत सोपं पडलं. देवनागरी कीबोर्डवरून द्यायचा विचार करू नका.

पासवर्ड विसरला तर काय? यावर बराच खल झाला. प्रशासकाने आपल्या पासवर्डने पेटी करायची, 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' करून हेडरची (पेटीची किल्ली ज्यात असते त्या भागाची) प्रत ठेवायची, मग वापरणाऱ्याने पासवर्ड बदलायचा. विसरला तर जुनं हेडर परत टाकून प्रशासकाच्या पासवर्डने उघडायचं. खजिनदारांच्या पेटीसाठी असंच केलं, कारण ते कागद संस्थेचे आहेत, व्यक्तीचे नाहीत. सेक्रेटरींच्या पेटीसाठी केलं नाही. त्यांचं हेडर त्यांच्याच पासवर्डचं आहे. कुणाच्या फोल्डरात मागचं दार ठेवायचं हे त्या माणसाला आधी सांगून ठरवा.

आणि पेटी वाचता येत नसली तरी पुसता येते. अ‍ॅडमिनला ती एक फाइल डिलीट करायला पासवर्ड लागत नाही. बॅकअप हवाच.

वेळ: साडेतीन तास.

शनिवार, २२ नोव्हेंबर: बॅकअपमध्ये पेटी जुनीच

दर शनिवारी 'रोबोकॉपी' या विंडोजमधल्या कॉपीच्या कमांडने बाहेरच्या डिस्कवर प्रत. आजची प्रत उघडून पाहिली तर पेटीत १६ तारखेचाच माल. रोबोकॉपी फाइलचं आकारमान आणि बदलाची वेळ पाहून ठरवते. पेटीचं आकारमान कायम २० जीबी. आणि व्हेराक्रिप्ट मुळातच पेटीची तारीख बदलू देत नाही, कुणाला वापर कळू नये म्हणून. त्यामुळे रोबोकॉपीच्या मते काही बदललंच नव्हतं. 'प्रेफरन्सेस'मधली 'प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टँप ऑफ फाइल कंटेनर्स' ही टिक काढली. पेटी बंद करून मगच कॉपी करायची. पुन्हा प्रत घेतली, प्रतीतून पेटी उघडून कालचा एक्सेल सापडला, तेव्हाच पुढे गेलो.

बाहेरची डिस्क मात्र उघडीच होती. बाकी तिघांचे फोल्डर त्यात कुणालाही वाचता येतात. सगळी डिस्कच व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट केली, तीन तास लागले. आता ती लावली की विंडोज म्हणतं 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क बिफोर यू कॅन यूज इट'. कुणी एकदा 'फॉरमॅट' दाबलं की वर्षाचा बॅकअप गेला. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्या पार्टिशनचं ड्राइव्ह अक्षर काढून टाकलं, मग तो प्रश्न येत नाही. तरी दुसऱ्या संगणकावर येईलच, म्हणून डिस्कवर चिकटपट्टी: 'फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा'.

वेळ: ५ तास.

रविवार, २३ नोव्हेंबर: आजूबाजूच्या गळत्या

स्कॅनरचं सॉफ्टवेअर सगळे स्कॅन डी ड्राइव्हवरच्या एका खुल्या फोल्डरात टाकत होतं. २,३०० फायली: भाडेकरार, पोलीस पडताळणीचे अर्ज, पारपत्रं. खातं वेगळं करून काही उपयोग झालेला नव्हता. प्रत्येक खात्यातून साठवणीची जागा स्वतःच्या फोल्डरावर वळवली. आधार कार्डांच्या बाबतीत मॅनेजरना यापुढे मास्क केलेली प्रत घ्यायला सांगितलं; त्यात शेवटचे चार अंकच दिसतात. जे ठेवलंच नाही ते सांभाळावं लागत नाही.

प्रिंटरच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज', 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' टिक होतं. छापून झालेले कागद रांगेत तसेच, पुन्हा छापता येतील असे. टिक काढली.

क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइल केली की वेगळं झालं असा समज होता. प्रोफाइल बदलायला पासवर्ड लागत नाही. नव्या विंडोज खात्यांमुळे हे आपोआप सुटलं, जुन्या 'ऑफिस' खात्यातल्या क्रोममधले जतन पासवर्ड मात्र पुसावे लागले.

ऑडिटरना फायली पाठवायला सेव्हन-झिप, फायली एका गठ्ठ्यात बांधणारं सॉफ्टवेअर. झिप प्रकारात पासवर्ड घातला तरी आतल्या फायलींची नावं दिसतात. सेव्हन-झेड प्रकार निवडून 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' टिक करायचं, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगायचा.

'समाईक'मध्ये काय ठेवायचं यावरही थोडा वाद झाला. उपविधी, मंजूर ताळेबंद, सभांची इतिवृत्तं, सभासद नोंदवही हे कायद्याने सभासदाला पाहायचा हक्क आहे. ते खासगी फोल्डरात दडवायचं नाही. ते सगळं समाईकमध्ये आणलं. लिहिण्याचा हक्क मॅनेजर आणि सेक्रेटरींना, बाकीच्यांना फक्त वाचण्याचा. 'बिल' उपफोल्डरात तेवढा मॅनेजर आणि अकाउंटंट यांना 'मॉडिफाय', नाहीतर सॉफ्टवेअर बिलं लिहू शकणार नाही.

शेवटी जुन्या उघड्या प्रती पुसल्या, रिसायकल बिन रिकामी केली, आणि डी ड्राइव्हवर 'सायफर' कमांड 'डब्ल्यू' पर्यायासह चालवली. ती मोकळ्या जागेवर तीन वेळा लिहिते, त्यामुळे पुसलेलं परत काढता येत नाही. संध्याकाळी सातला लावली, सकाळी संपलेली होती. हे साध्या हार्डडिस्कसाठी. एसएसडीवर असं लिहिल्याने खात्री मिळत नाही.

वेळ: ४ तास आणि एक रात्र.

शनिवार, ६ डिसेंबर: पासवर्ड विसरला

सुपरवायझर खात्याचा पासवर्ड विसरला. प्रशासक खात्यातून कंट्रोल पॅनलच्या 'मॅनेज अनदर अकाउंट'मधून नवा दिला. फायली सगळ्या होत्या, पण ब्राउझरमधले जतन पासवर्ड गेले. अ‍ॅडमिनने पासवर्ड लादला की असं होतं. माणसाने स्वतः कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून बदलला तर होत नाही. प्रो आवृत्तीत एन्क्रिप्ट केलेल्या फायली असत्या तर सर्टिफिकेटच्या बॅकअपशिवाय त्याही अशाच गेल्या असत्या.

वेळ: अर्धा तास. पाकीट नवं केलं, सह्या पुन्हा.

शनिवार, १० जानेवारी २०२६: अकाउंटंट बदलले

जुन्या अकाउंटंटचं खातं 'सेटिंग्ज'मधून 'रिमूव्ह' केलं. पुढे 'डिलीट अकाउंट अँड डेटा' येतं, त्याचा अर्थ शब्दशः घ्या: त्या माणसाचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स दोन्ही जातात. टीडीएसचे तक्ते डेस्कटॉपवर होते. बॅकअपमधून परत आणायला दोन तास. खातं काढायचं नसतं, आधी बंद करायचं: अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूजर', खात्याचं नाव, 'अ‍ॅक्टिव्ह' पर्याय 'नो'. साइन-इन थांबतं, माल राहतो. महिन्याभरानंतर निवांत काढा.

नव्या अकाउंटंटसाठी त्याच नावाचं खातं केलं तरी डी ड्राइव्हवरचा फोल्डर उघडला नाही. सिक्युरिटी टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' आणि एस-१-५-२१ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. विंडोज नाव पाहत नाही, हा क्रमांक पाहतं, आणि नव्या खात्याचा क्रमांक नवा असतो. ती ओळ काढून नवं खातं घातलं, खाली 'रिप्लेस ऑल' टिक केलं.

आजवरचा खर्च ५,६५० रुपये, वेळ तेहेतीस तास आणि एक रात्र.

राहिलेलं काम: कार्यकारिणी बदलेल तेव्हा खजिनदारांची पेटी. पासवर्ड बदलून भागणार नाही. पासवर्ड बदलताना फक्त हेडर नव्याने लिहिलं जातं, आतली मूळ किल्ली तीच राहते. ज्याच्याकडे जुनं हेडर आणि जुना पासवर्ड आहे तो पेटी उघडू शकतो. नव्या खजिनदारांसाठी नवी पेटी करून माल कॉपी करायचा आणि जुनी पेटी बॅकअपसह पुसायची. हे एका कागदावर लिहून त्याच लोखंडी कपाटात, पाकिटाबरोबर ठेवलं आहे.